माळेगावची जत्रा : खंडोबाच्या माळावर लाल कंधारीच्या शोधात

आदली संध्याकाळ

माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते, पण बाजार तिथीची वाट बघत नाही. आम्ही तेरसीच्या संध्याकाळी पोचलो तेव्हा निम्माअधिक माळ भरला होता. उदगीरहून शिरूर ताजबंद, अहमदपूर आणि पुढं नांदेडचा रस्ता. गाव लोहा तालुक्यात, नांदेड-लातूर रस्त्याला लागूनच. त्यामुळं गाव यायच्या बरंच आधी रस्त्याच्या दोन्ही अंगांना टेम्पो, पालं आणि खुंट्याला बांधलेली घोडी दिसायला लागतात. गाडी मुंगीच्या पावलानं सरकते. मामा खिडकीतून मान बाहेर काढून जनावरांचे खूर बघत होते.

मामांना गोऱ्ह्यांची जोडी घ्यायची होती. गावात ट्रॅक्टर भाड्यानं मिळतात, नांगरट-मोगडा त्याच्यावरच होतो. पण त्यांचं निम्मं रान मुरमाड आणि उताराचं. तुरीच्या ओळीत कोळपं घालायला बैलच लागतो. आजवर त्यांच्या दावणीला देवणी जातीचीच गुरं होती. देवणी हा तालुकाच शेजारी, त्यामुळं त्या भागात देवणीशिवाय दुसरं जनावर बांधणं म्हणजे घरच्यांना सोडून परक्याला मत देण्यासारखं. यंदा मात्र लाल कंधारी जातीची जोडी घ्यायची असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. "कडब्यावर राहतंय, उन्हात दम टाकत नाही. माझ्या रानाला तेच पाहिजे," एवढंच ते म्हणाले.

रात्री ओळखीच्या एका हेड्याच्या, म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्याच्या, पालाशेजारी जागा मिळाली. खाली कडबा, वर घोंगडी. पौषाच्या तोंडावरची थंडी माळावर जास्तच झोंबते. माळभर शेकोट्या होत्या आणि पहाटेपर्यंत घुंगरांचा आवाज थांबला नाही.

देवस्वारीचा दिवस

खंडोबाची जी मोठी ठाणी महाराष्ट्र-कर्नाटकात मानली जातात त्यांत जेजुरी, पाली, अणदूर-नळदुर्ग, मंगसुळी, बिदरजवळचं मैलार यांच्या जोडीला माळेगावचं नाव येतं. गंमत अशी की बाकी बहुतेक ठिकाणी गर्दी होते ती चंपाषष्ठीला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला. इथली यात्रा त्यानंतर तीन आठवड्यांनी. तोवर मूग-सोयाबीन विकून झालेलं असतं, कापसाचे दोन-तीन वेचे झालेले असतात, ज्वारी-हरभरा रानात उभा असतो. शेतकऱ्याच्या हातात पैसा आणि सवड एकदम असण्याचे वर्षातले थोडेच दिवस, त्यातले हे. जनावरांचा बाजार इथं रुजण्यामागं मला देवाइतकंच हे वेळापत्रक दिसतं.

सकाळपासून देवळाकडं रीघ होती. दुपारी देवस्वारी निघाली. मानकऱ्यांच्या पालख्या, पुढं वाघ्या-मुरळी, हलगी, आणि दोन्ही बाजूंनी "येळकोट येळकोट जय मल्हार". भंडारा उधळला की हवाच पिवळी होते. पायाखाली खोबऱ्याचे तुकडे, बेलाची पानं, चिरडलेल्या रेवड्या. एक आजी पालखीवर उधळलेला भंडारा जमिनीवरून दोन बोटांनी उचलून पदराच्या गाठीत बांधत होत्या. सोबतच्या सुनेला म्हणाल्या, "वासराच्या कपाळाला लावायचा हाय." देवाकडून त्यांना हवं होतं ते जनावरासाठी. या जिल्ह्यात अर्धापूरकडं हळदीचे मळे आहेत आणि पलीकडं वसमत हळदीचंच गाव, त्यामुळं भंडाऱ्याचा तोटा पडायचं कारण नाही.

वाघ्यांची एक जोडी देवळाच्या कोपऱ्यावर उभी होती. हातात दिमडी आणि घाटी, काखेला भंडाऱ्याची व्याघ्रचर्माच्या जागी आता साध्या चामड्याची पिशवी, पुढ्यात कोटंबा, म्हणजे भिक्षेचं पात्र. पदं म्हणत होते ती सगळी बानूची. खंडोबाची दुसरी बायको बानू धनगराची, तिच्यासाठी देव मेंढ्या राखायला गेला, ही गोष्ट. माळावर पसरलेली निम्मी दुनिया धनगर, गवळी, कुंभार, बेलदारांची. देव त्यांच्यातलाच जावई. देवाला मुलगी वाहून मुरळी करण्यावर २००५ च्या देवदासी निर्मूलन कायद्यानं बंदी आली. आता पदं म्हणणाऱ्या बायका असतात, त्या घरच्या परंपरेनं गाणाऱ्या. हा बदल व्हायलाच हवा होता.

संध्याकाळी मामा आणि मी गुरांच्या बाजारात शिरलो.

लाल कंधारी पहिल्यांदा बघणाऱ्यानं संध्याकाळच्या उन्हात बघावी. नुसती लाल नाही, गर्द तांबूस. वळूच्या मानेवर आणि वशिंडावर तोच रंग काळपट होत जातो. डोळ्यांभोवती काळी कड. अंग फार मोठं नाही, पण बांधा घट्ट. या वंशाचं मूळ गाव कंधार, इथून जवळच. चौथ्या शतकात कंधारच्या सोमदेवराय राजानं तिला आश्रय दिला अशी आख्यायिका सांगतात. शेजारी देवण्यांची रांग होती. देवणीचे तीन प्रकार इथली पोरंसुद्धा लांबून ओळखतात : अंग पांढरं आणि तोंड काळपट तो वानेरा, पांढऱ्या अंगावर पोटाखाली काळे ठिपके ती बालंक्या, आणि सगळ्या अंगावर वेडेवाकडे काळे डाग तो शेवरा. गीर, डांगी आणि स्थानिक गुरांच्या संकरातून गेल्या दोनेकशे वर्षांत देवणी घडली असं पशुशास्त्रज्ञ मानतात. दूधही देते आणि बैलही तयार करते, म्हणून लातूर-बिदरकडं तिच्यावर जीव.

मामा कुठल्याच जोडीपुढं पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबेनात. मग एका कडेला कंधार भागातल्या शेतकऱ्याचे दोन गोऱ्हे दिसले. मामांनी आधी मागून बघितलं, मग बाजूनं. मग जवळ जाऊन एकाच्या खालच्या ओठात अंगठा घालून दात बघितले. गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच; खालचे दुधाचे दात पडून पक्के दात जोडीजोडीनं येतात, त्यावरून वय कळतं. एकही पक्का दात नाही तो आदत, दोन आले की दुसा, चार आले की चौसा. हे दोन्ही दुसे होते. मामांनी पाठीवरून हात फिरवला, शेपूट उचलून बघितली, चारही पायांचे खूर अंगठ्यानं दाबले, मालकाला चालवून दाखवायला सांगितलं. मागच्या पायाचा ठसा पुढच्या पायाच्या ठशावर पडतो का तेवढं वाकून बघितलं. शेवटी विचारलं, "किती माणसं हाताळत्यात यांना?"

"घरातलं बारकं पोरगंसुदीक पाणी दाखवतंय," मालक म्हणाला.

मामांनी भाव विचारला नाही. राम राम करून निघाले. मला राहवेना. "मामा, उद्या कुणी नेली म्हणजे?"

"नेली तर आपली नव्हती. उद्या येळवस हाय, माझ्याच्यानं इथं राहवायचं नाही."

येळवस आणि प्रदर्शन

मार्गशीर्ष अमावस्या म्हणजे वेळ अमावस्या, आमच्याकडं येळवस. लातूर, धाराशिव आणि नांदेड-बिदरच्या लगतच्या भागात या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच पांडव मांडायचे, आंबिलीचा मडका, भज्जी, उंडे, खीर यांचा नैवेद्य दाखवायचा आणि आंबील उभ्या पिकावर शिंपडायची. यात्रा आणि येळवस दरवर्षी अशी एकावर एक येतात. पहाटेच उदगीर-लातूरकडची बरीच माणसं जनावरं सोबत्यांवर सोपवून निघून गेली. मामाही पहिल्या बसनं गेले. "दावणीवर नजर ठेव," म्हणाले.

त्या दिवशी जिल्हा परिषदेनं भरवलेली प्रदर्शनं होती : गुरं, घोडे, कुत्री, कोंबड्या, शिवाय शेतमालाचा मांडव. मांडवात अर्धापूरची केळी, हळकुंडं, कंबरेएवढी तुरीची झाडं. तिथं फार वेळ गेला नाही. पुस्तिका वाटणारे दमलेले होते आणि विचारलेल्या प्रश्नाला पुस्तिकाच पुढं करत होते.

कुत्र्यांनी मात्र पाय धरून ठेवले. चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी नावाजलेलं आहे. लांब तोंड, आत गेलेलं पोट, पळायलाच घडवलेलं अंग. पश्मीच्या कानाला आणि शेपटीला रेशमासारखे केस. ही शिकारी कुत्री व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर दख्खनमध्ये आली असं मानतात. खंडोबाच्या दारात कुत्र्याला मान असतोच, त्यामुळं इथं कुणी हाड् करत नाही.

घोड्यांचा बाजार ही माळेगावची खरी ओळख. मारवाडी, काठेवाडी, सिंधी, पंजाबकडचे पांढरे नुकरे, आणि आपलं भीमथडीचं ठेंगणं काटक तट्टू. मारवाडीची कानांची टोकं वर आत वळून एकमेकांना टेकतात, ती टोकं जुळतात का हे बघायला लोक समोर उभे राहून शीळ घालतात. रंगांची नावं ऐकत राहावीत अशी : कुमैत, मुश्की, अबलख, पंचकल्याणी. अंगावरचे भोवरे बघणारे जाणकार वेगळेच. गळ्यावरचा देवमण असला की घोड्याची किंमत चढते, आणि नको त्या जागी भोवरा असला तर लाखाचं जनावर कुणी हातात धरत नाही. एका व्यापाऱ्यानं घोडी रेवाल चालीत काढून दाखवली. पाठीवर बसलेल्या पोराच्या हातात पाण्यानं भरलेला पेला होता. पन्नास पावलं जाऊन तो परत आला, पाणी सांडलं नव्हतं. गर्दीतून वाहवा उठली. भीमथडी मराठ्यांच्या फौजेचं जनावर. डोंगर चढणारं, थोड्या दाण्यावर जगणारं. त्या दिवशी त्यांच्याभोवती गर्दी नव्हती. मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर तेवढे चौकशी करत होते, कारण त्यांचा संसार याच पाठीवर चालतो. लग्नाच्या वरातीत मारवाडी घोडा नाचतो, त्याला गिऱ्हाईक आहे. बिऱ्हाड वाहणाऱ्या तट्टाला दरवर्षी कमी.

गाढवांचा बाजार माळाच्या खालच्या अंगाला. मला यात्रेत सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते तिथं. काठेवाडी गाढव उंच आणि महाग, गावरान लहान आणि टिकाऊ. घेणारे कोण? वीटभट्टीवरचे कुंभार, मुरूम-वाळू वाहणारे वडार, बेलदार, कैकाडी, मेंढपाळ. एका वडार बाबांनी गाढव घेताना काय बघायचं ते नीट समजावून सांगितलं : पाठीवर जुन्या वळाचे पांढरे डाग असतील तर ते ओझ्याला सरावलेलं, पण डाग खोल असतील तर त्या जागी पुन्हा जखम होणार. पुढचे पाय आत वळलेले असतील तर उतारावर ते पडणार. मग आपणहून म्हणाले, "माझ्या बापाच्या टायमाला इथून तिथवर गाढवंच गाढवं." हात लांबवून त्यांनी रस्त्यापर्यंतचा माळ दाखवला. २०१९ च्या पशुगणनेनं देशात गाढवांची संख्या सव्वा लाखाच्या आत आल्याचं दाखवलं. आधीच्या, २०१२ च्या गणनेपेक्षा ६१ टक्क्यांनी कमी. वाळूला जेसीबी आणि टिप्पर आला, भट्टीवर ट्रॅक्टर आला. बाबांचे नातू त्याच टिप्परवर मजुरीला जातात. मालकीचं जनावर गेलं आणि दुसऱ्याच्या गाडीवरची हजेरी आली.

इथं न विकलेली गाढवं घरी जात नाहीत. व्यापारी ती घेऊन पौष पौर्णिमेला जेजुरीच्या बाजाराला जातात, तिथून होळी-रंगपंचमीला मढीला. नकाशावर नसलेला हा रस्ता भटक्यांच्या पिढ्यांनी पायांनी आखला आहे, आणि माळेगाव त्यावरचा पहिला मोठा मुक्काम.

कंधार, कुस्त्या आणि उपरण्याखालचा सौदा

सकाळी मोकळा होतो म्हणून कंधारला जाऊन आलो. माळेगाव समजून घ्यायचं तर कंधार बघायला हवं. आज तालुक्याचं शांत गाव, पण दहाव्या शतकात राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळात मोठी नगरी. कंधारपुरवराधीश्वर असं बिरुद राजे लावत. क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे अवशेष इथं सापडले. नुसती पावलं बघितली तरी मूर्ती केवढी असेल या विचारानं मान आपोआप वर जाते. भुईकोट किल्ल्याला खोल खंदक आहे, आत बहमनी, निजामशाही, मोगल, आसफजाही अशा एकामागून एक राजवटींच्या खुणा. राजधानी आली की घोडदळ येतं, घोडदळ आलं की घोड्यांचे सौदागर, लोहार, खोगीर शिवणारे, वैदू येतात. आसपासच्या माळावर जनावरांचा बाजार वाढायला यापेक्षा मोठं कारण काय हवं? हा भाग १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि संस्थानाच्या फौजेसाठी इथून घोडी जात, असं जुनी माणसं आजही सांगतात.

दुपारी परतलो तर मामा हजर. हातात डबा. त्यात उरलेली भज्जी आणि आंबट झालेली आंबील. ती मी पालात बसून बोटं चाटत संपवली. गोऱ्ह्यांची जोडी दावणीलाच होती. मालक मामांकडं बघून नुसता हसला.

आता मधे दलाल आला. त्यानं मामांचा उजवा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि खाली बोटांनी बोलणं सुरू झालं. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच; हजार की दहा हजार ते दोघांना आधीच ठाऊक. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. मामांचा हात सोडून दलाल मालकाकडं गेला, तिथं तेच उपरणं, तीच बोटं. परत मामांकडं. आजूबाजूला वीस माणसं उभी होती आणि कुणालाही आकडा कळत नव्हता. या रीतीवर आडपडद्याचा आरोप होतो आणि दलालानं अडाण्याला फसवल्याच्या गोष्टीही खऱ्या आहेत. पण मला त्यात आब दिसला. गरिबाला आपलं जनावर पडेल भावानं द्यावं लागलं तर ते चारचौघांत कळत नाही. शेजारच्या सौद्याचा भाव त्यामुळं पडत नाही.

चारेक फेऱ्या झाल्या. मग मामांनी हात काढून घेतला आणि म्हणाले, "उद्या जुंपून बघू, मग बोलू." दलालानं डोक्याला हात लावला. मामा मला घेऊन कुस्त्यांच्या फडाकडं चालू लागले.

फड भरगच्च होता. नांदेड, परभणी, लातूर, कोल्हापूर, शिवाय कर्नाटक-तेलंगणातून मल्ल आलेले. सुरुवात रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांनी, शेवट मानाच्या जोडीनं. हलगीचा ठेका जोरात झाला की समजायचं, पट निघाला. घिस्सा, ढाक, कलाजंग, डाव पडायच्या आत नाव घेणारे म्हातारे माझ्या मागं बसले होते. त्यातल्या एकाचा कान मोडून फुलासारखा झालेला. चितपट झालेल्या पोराला जिंकलेल्यानंच हात देऊन उठवलं, आणि माती झटकली.

लावणी

सकाळी माळाच्या कडेला नांगरलेल्या पट्टीत गोऱ्हे वखराला जुंपले. डावीकडचा जरा पुढं ओढत होता. मामांनी जागा बदलून बघितली तेव्हा दोघं सरळ चालले. मामांनी इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, दिला. आकडा मी इथं लिहीत नाही, तो उपरण्याखालीच राहू दे.

रात्री लावणी महोत्सव. सरकारी मंचावरचा कार्यक्रम बघण्यासारखा होताच, ढोलकी आणि पेटीची जुगलबंदी तर फारच. पण माळेगावला तमाशाची जुनी नाती आहेत ती कनातींशी. ट्रकमधून अख्खा फड उतरतो. स्वयंपाक, मुलांची अंघोळ, नऊवारीच्या घड्या, घुंगरांच्या पट्ट्यांची डागडुजी, सगळं कनातीच्या मागं. गण, गवळण, बतावणी, वग अशा क्रमानं रात्र पुढं सरकते. घुंगरांचं वजन हातात घेऊन बघितलं. एका पायाला एवढं लोखंड-पितळ बांधून तीन तास नाचायचं म्हणजे पैलवानापेक्षा कमी मेहनत नाही. बायका-माणसं मिळून तमाशाला बसलेली बघून बरं वाटलं.

लोककला आणि परतीची तयारी

शेवटचा दिवस लोककलांचा : गोंधळी, वासुदेव, पोतराज, नंदीवाले, बहुरूपी, मसणजोगी, शाहीर. मंचावर प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच मिनिटं येत होती. वासुदेवाला मोरपिसांची टोपी घालून माईकसमोर उभं केलं की त्याचं निम्मं काम हरवतं; ते काम पहाटेच्या गल्लीतलं, दारातलं. तरी मानधन मिळतं, पोरं बघतात, हे वाईट नाही.

मला जास्त मोलाचं वाटलं ते मंचामागचं. वैदू, घिसाडी, जोशी, गोसावी, मसणजोगी, कोल्हाटी, वर्षभर वेगवेगळ्या जिल्ह्यांत पांगलेली ही कुटुंबं माळेगावला एकत्र येत आली आहेत. सोयरीक इथं जुळायची, देणं-घेणं इथं मिटायचं, भांडणांचा निवाडा जातपंचायतीत व्हायचा. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि कितीतरी जमातींवर चोर म्हणून शिक्का मारला. तो १९५२ मध्ये निघाला. ज्यांना पोलीस ठाण्यातही न्याय मिळत नव्हता त्यांना स्वतःची पंचायत हाच आधार होता. तिच्यात बाईचा आवाज नव्हता, दंड आणि बहिष्कार कठोर होते, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा २०१६ चा कायदा आला तो या जाचामुळंच. तो योग्यच आहे. पण वर्षातून एकदा आपल्या माणसांना भेटायची जागा, म्हणजे हा माळ, टिकवायची जबाबदारी कायद्यानं संपत नाही. एका घिसाडी ताईंकडं मी विळा आणि दोन खुरपी घेतली. भात्यावर तेरा-चौदा वर्षांची मुलगी बसली होती. ताई म्हणाल्या, "हिची आत्या सोलापूरकडं असती. वर्षातनं इथंच भेट व्हती." बैल कमी झाले, तसे वखराची पास आणि नांगराचा फाळ घडवून घेणारेही कमी झाले. बैल, गाढव, घोडं, लोहार, खोगीर शिवणारा, झुलीवर आरसे लावणारी बाई, यातला एक दोरा ओढला की सगळी वीण सैल होते. लम्पीच्या साथीत गुरांचे बाजार बंद पडले, करोनात जत्राच थांबल्या, तेव्हा या माळावर जगणाऱ्यांनी काय खाल्लं असेल याची नोंद कुठल्या अहवालात मला दिसली नाही. यात्रेसाठी येणारा निधी मंडप आणि कमानींवर खर्च होतो; तो आधी पाण्याचे हौद, सावली, गुरांचा दवाखाना आणि पालांजवळच्या संडासांवर व्हावा. जनावरं घेऊन येणारा माणूस परत आला तरच इथं यात्रा राहील.

दुपारी गोऱ्ह्यांचा हिशेब पुरा झाला. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचे बारा आकडे पावतीवर उतरवले, लसीचा दाखला घेतला. मामींनी यादी दिली होती त्याप्रमाणं खरेदी : दोन कासरे, दोन म्होरक्या, गोंडे, घुंगुरमाळ, आणि घरच्यांसाठी रेवड्या-गोडीशेव. मालकानं जुन्या वेसणी काढून घेतल्या नाहीत. "राहू द्या, त्यांच्या सवयीच्या हायत," म्हणाला आणि दोघांच्या कपाळाला भंडारा लावला. टेम्पोत चढवताना उजवीकडचा अडला. मामांनी त्याला ओढलं नाही. दुसऱ्याला आधी चढवलं, तसा तो मागोमाग आला.

जाणाऱ्यांसाठी थोडं. नांदेडहून आणि लातूरहून माळेगावला थेट बस असतात, यात्रेत जादा सोडतात. रेल्वेनं यायचं तर नांदेडला उतरावं. राहायला लोहा, अहमदपूर किंवा नांदेड. माळावर झोपायची हौस असेल तर घोंगडी सोबत हवीच. जनावरांचा बाजार बघायचा असेल तर तेरसीला या आणि पहिले दोन दिवस सोडू नका, तिसऱ्या दिवसापासून दावणी रिकाम्या व्हायला लागतात. तमाशा-लावणीसाठी शेवटचे दिवस. भंडाऱ्याचा डाग निघत नाही, जुने कपडे घाला. फोटो काढण्याआधी पालातल्या माणसांना विचारा. ते त्यांचं घर आहे. आणि घिसाड्यांकडून एखादा विळा, खुरपं, तवा नक्की घ्या, घासाघीस न करता.